सहा सारखे खांब

ऑफिसात मला तराजू म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला ते आवडतं, यावरूनच माझी अक्कल ओळखावी.

माझं काम मोजण्याचं. आमची कंपनी एक पेटी बनवते. ती इस्पितळांच्या तळघरात बसते आणि एक्स-रे, स्कॅन वगैरे चित्रं तपासणीच्या खोलीतून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचवते. पेटी म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटरच. तिच्यात नेटवर्क कार्ड असतं आणि एक ऑपरेटिंग सिस्टीम असते. कुठल्या पेटीवर कुठली सिस्टीम घातली की डेटा किती वेगाने पळतो, हे मोजायचं आणि आलेख काढायचा, एवढंच मी करतो. आलेखात खांब असतात. उंच खांबवाले माझ्याशी गोड बोलतात, बुटक्या खांबवाले जिन्यात ओळख देत नाहीत. दोन्ही प्रकारची माणसं मला सारखीच, असं मी सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

यंदा प्रकरण नाजूक होतं. नवी पेटी आली होती, जास्त प्रोसेसरवाली, तगड्या नेटवर्क कार्डाची. ती घ्यायची की जुनीच चालवायची, आणि तिच्यावर तीनपैकी कुठली सिस्टीम घालायची, हे साहेबांना ठरवायचं होतं. तीनपैकी दोन सिस्टीम बाहेरच्या. तिसरी आमच्याच कंपनीतल्या पाच-सहा जणांच्या गटाने बनवलेली, जुन्या पेटीवर वर्षानुवर्षं चाललेली. ती हरली तर गट बंद होणार, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या गटाची प्रमुख माझी बायको.

ती त्या सिस्टीमवर आमच्या लग्नाच्या आधीपासून काम करते आहे. माझ्याशी ओळख झाली तेव्हाही ती पहिला अर्धा तास नेटवर्क ड्रायव्हरबद्दलच बोलली होती. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यामधला दुभाष्या. मला वाटलं होतं, मुलगी गाडी चालवायला शिकते आहे. पुढे समजलं तोवर मी पार गुंतलो होतो.

शहाणा माणूस म्हणाला असता, साहेब, ही मोजणी दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हणालो, "साहेब, बायको असली म्हणून काय झालं? पॅकेटला नातं कळत नाही." पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून पळणारं डेटाचं पुडकं. वाक्य इतकं फर्मास जमलं की त्या दिवशी मी ते भेटेल त्याला ऐकवलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दोनदा ऐकवलं.

मग मी आचारसंहिता काढली. मोजणी संपेपर्यंत बायकोशी घरी कामाबद्दल बोलायचं नाही. ऑफिसात एकत्र जेवायचं नाही. तिला मला काही सांगायचं असेल तर ई-मेल करायची आणि साहेबांना प्रत द्यायची. हे सगळं एका कागदावर लिहून मी फ्रिजवर चिकटवलं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांनी चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला.

"जावईबापू, आम्हीसुद्धा साहेबांना प्रत द्यायची का?"

"आई, तुम्हाला नियम लागू नाहीत."

"नाही, भाजी काय करायची ते विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोची मेल आली. "येताना दूध आण. अर्धा लिटर नको, एक आण." प्रत साहेबांना. पाच मिनिटांत साहेबांचं उत्तर, तिलाही आणि मलाही: "नोंद घेतली." साहेब विनोद करत नाहीत, त्यामुळे मी अजूनही त्या उत्तरावर विचार करतो.

प्रयोगशाळेत तर मी कहरच केला. कुठल्याही गटाच्या माणसाने सिस्टीमला हात लावायचा नाही, जशी आली तशी मोजली जाईल, असं फर्मान काढलं. बायकोच्या गटाला नवी पेटी आधी वापरून बघायची होती. त्यांनाही दारातच अडवलं. पेट्यांच्या एका बाजूला माझं स्वतःचं मशीन ठेवलं. त्याचं काम डेटा पाठवायचं, आणि समोरची पेटी तो किती वेगाने घेते हे बघायचं. हे मशीन मीच जुळवलेलं होतं, कैक वर्षांचं, आणि मी त्याला न्यायाधीश म्हणायचो. सगळ्यांना तोच एक पाठवणार, म्हणजे सगळ्यांना न्याय सारखा. त्याच्या प्रत्येक फटीवर मी कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर सह्या केल्या. उत्साहाच्या भरात पंख्याच्या जाळीवरही एक पट्टी लावली होती. मशीन तापून शिट्टी वाजवायला लागलं तेव्हा ती गुपचूप काढली.

दोन पेट्या, तीन सिस्टीम, अशा सहा जोड्या मोजल्या. सहा खांब उभे राहिले आणि सहाही सारखे. एखाद्या केसाइतका फरक, तोसुद्धा कधी इकडे, कधी तिकडे.

समजा, काट्यावर आधी मांजर ठेवलं, मग म्हैस ठेवली, आणि दोन्ही वेळा काटा एकाच आकड्यावर थांबला. अशा वेळी माणूस वाकून काटा तपासतो. मी म्हणालो, मांजर आणि म्हैस यांच्यात मुळात फरकच नाही. नुसतं म्हणालो नाही, त्यावर सिद्धांत मांडला. सिस्टीम कुठलीही घ्या, पेटी कुठलीही घ्या, वेग एकच, बाकी सगळा जाहिरातबाजीचा खेळ. हे मला इतकं खोल वाटलं की सादरीकरणात शेवटच्या पानावर सहा खांबांखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "फरक आपल्या मनात असतो."

साहेबांचा चेहरा फुलला. निर्णय घ्यायचा म्हटलं की साहेबांची पाठ दुखते.

"म्हणजे नवी पेटी घ्यायला नको?"

"आकडे तसं म्हणतात, साहेब."

"आणि सिस्टीम बदलायला नको?"

"काही कारण दिसत नाही."

"म्हणजे काहीच करायचं नाही!" असं म्हणून साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बायकोचा गट वाचला. गटातल्या एका मुलीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. बायको मात्र माझ्या आलेखाकडे डोळे बारीक करून बघत होती, दुधाची पिशवी फुटकी तर नाही ना असं बघावं तशी.

माझा आनंद जेमतेम जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला. शेजारच्या टेबलावरचा माणूस पाठीवर थाप मारून म्हणाला, "वाचवलंस हं बायकोला. आता घरी पोळ्या मऊ मिळतील." मी तडकलो. पट्ट्या दाखवल्या, सह्या दाखवल्या. तो म्हणाला, "हो रे, सगळं कळलं," आणि डोळा मारला. संध्याकाळपर्यंत निदान चौघांनी डोळा मारला. माझ्या निःपक्षपातीपणाचे असे धिंडवडे निघालेले बघून मला रडू यायचं बाकी होतं. बायकोचा गट वाचला याचा आनंद कमी आणि लोक मला बायकोचा बैल समजतात याचं दुःख जास्त, अशी माझी अवस्था होती. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जेवताना बायको म्हणाली, "आता मोजणी संपली. बोलू का?"

"बोल."

"सहाही सारखे कसे आले?"

"विज्ञान आहे ते."

"नव्या पेटीचं कार्ड जुन्यापेक्षा कितीतरी तगडं आहे. सिस्टीमचं सोड. निदान पेटीचा तरी फरक दिसायला हवा की नको?"

"फरक आपल्या..."

"मनात असतो, वाचलं मी. तुझं पाठवणारं मशीन त्या वेळी काय करत होतं?"

"काय करणार? पाठवत होतं."

"अरे, पण किती दमलं होतं? त्याचा प्रोसेसर बघितलास का?"

सासूबाईंनी मला वाढता वाढता हात थांबवला. मी म्हणालो, न्यायाधीशाला कोण तपासतं? आणि म्हणता म्हणताच मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळ्या पेट्यांचा ताण मिनिटामिनिटाला नोंदवला होता. न्यायाधीशाकडे एकदाही ढुंकून बघितलं नव्हतं.

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी चाचणी पुन्हा चालवली आणि या खेपेला पाठवणाऱ्या मशीनचा पडदा उघडून बसलो. न्यायाधीश पहिल्या क्षणापासून शंभर टक्के घायकुतीला आला होता. त्याच्याच्याने जेवढं पाठवणं होत होतं तेवढं तो पाठवत होता, आणि समोरची पेटी, मग ती कुठलीही असो, आरामात घेत होती. मी सहा जोड्या मोजल्याच नव्हत्या. मी माझं स्वतःचं मशीन सहा वेळा मोजलं होतं, आणि दर वेळी ते इमानाने तितकंच भरलं होतं. नवल ते काय!

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल. तिने मशीन्सची यादीच करायला घेतली. "उद्या सुट्टी आहे, ऑफिस रिकामं असेल. मिळतील तेवढी मशीन्स गोळा करू आणि सगळ्यांकडून एकदम पाठवू."

"तू येणार?"

"फ्रिजवरचा कागद काढ आधी."

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ट्रॉली घेऊन ऑफिसभर फिरलो. स्वागतकक्षातलं मशीन आणलं, प्रशिक्षणाच्या खोलीतली आणली, माझ्या शेजाऱ्याचंही उचललं. त्याच्या कीबोर्डखाली बिस्किटांचा एवढा चुरा निघाला की मला त्याच्या डोळा मारण्याचा राग निम्मा ओसरला. बायको केबल जोडत होती, मी पट्ट्या फाडत होतो. खूप दिवसांनी आम्ही असे मिळून काही करत होतो. ती गुणगुणत होती. तिला खात्री होती, आता ताकद लावून मोजलं की आपली सिस्टीम पुढे येणार. मलाही होती. माझी तर पुढची तयारीही झाली होती. आता लोक काय डोळे मारतील ते मारोत, पण खरं असेल तर बायकोची बाजू घ्यायला मी डरणार नाही, असं एक भाषण मनात घोळत होतं.

आधी जुनी पेटी लावली. तिघींत बायकोची सिस्टीम पहिली आली. थोडक्यात, पण पहिली. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग नवी पेटी. बाहेरच्या दोन सिस्टीमचे खांब बघता बघता वर गेले, जुन्या पेटीच्या दुप्पट, तिपटीकडे. तिच्या सिस्टीमचा खांब जुन्या पेटीवर होता तिथेच थांबला. आम्ही पाठवणारी मशीन्स वाढवली. बाहेरच्या दोन्ही आणखी वर गेल्या. तिची खाली आली.

"केबल बघ," ती म्हणाली. मी केबल बदलली. मग तिने स्वतः बदलली. मग तिने पेटीच्या आतला ताण पडद्यावर काढला. आत आठ प्रोसेसर होते. एक जिवाच्या आकांताने राबत होता. सात स्वस्थ बसले होते.

तिने त्या राबणाऱ्या प्रोसेसरवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा भाग मी लिहिलाय. अगदी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा. तेव्हा पेटीत प्रोसेसर एकच असायचा. एक माणूस, एक खिडकी. आता आत आठ माणसं बसवलीत आणि माझी खिडकी अजून एकच आहे."

"दुरुस्त होईल?"

"होईल. पण वरचं सगळं त्या खिडकीवरच उभं आहे. पायापासून उकरायचं. वर्ष जाईल, जास्तच."

आणि इथे, पॅकेटला नातं कळत नाही असं गावभर सांगत फिरणारा, फटीफटीवर सह्या करणारा मी तराजू, क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मग राहू दे ना. साहेबांनी टाळ्या वाजवल्यात. फाईल बंद झाली. कोण उघडतंय ती? तू वर्षभरात दुरुस्त कर, मग आपण नव्याने मोजू."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तू म्हणतोस हे?"

"मीच म्हणतोय."

"आणि वर्षभर इस्पितळांत जुनीच पेटी? टेबलावर माणूस पडलाय, डॉक्टर पडद्यासमोर चित्र उघडायची वाट बघतोय. त्यांना काय सांगायचं, आमच्या घरचं काम चाललंय, जरा थांबा?"

"मला तो माणूस दिसत नाही गं. मला तू दिसतेस."

हे मी खरंच मनापासून बोललो. इतक्या वर्षांत तिच्याशी इतकं सरळ बहुधा कधीच बोललो नव्हतो, आणि वेळ अशी निवडली. ती जवळ आली, माझ्या शर्टाला चिकटलेली कागदी पट्टी काढली आणि म्हणाली, "लिहायला बस."

अहवाल मी लिहिला, पण ती मागे उभी होती. मी लिहिलं, "नव्या पेटीवर घरच्या सिस्टीमचा वेग काहीसा कमी आढळला." तिने हात पुढे करून "काहीसा" खोडलं आणि लिहिलं, "निम्म्याहून कमी". मी लिहिलं, "काही तांत्रिक कारणांमुळे". तिने लिहिलं, "ड्रायव्हरच्या मूळ रचनेमुळे". मी कुठेतरी "तथापि" घालून जुन्या पेटीवर ती पहिली आल्याचं दोन ओळींत खुलवून लिहिलं. त्या ओळी तिने वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि एक ठेवली.

बैठकीत साहेब हवालदिल झाले. "अहो, तुम्हीच तर म्हणालात सगळे सारखे!"

"चुकलो, साहेब. मी पेट्या मोजल्याच नव्हत्या. माझंच मशीन मोजत होतो."

"सहा वेळा?"

"सहा वेळा."

खोलीत हशा पिकला आणि तो रास्त होता. साहेबांनी आशेने बायकोकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं? यात पुन्हा काही चूक असेल ना?" तिने एक शब्द जरी शंकेचा काढला असता तरी साहेबांनी समिती नेमली असती, आणि समिती म्हणजे आमच्याकडे दोन वर्षांची निश्चिंती. ती म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. मी समोर होते."

मग साहेबांना निर्णय घ्यावाच लागला, आणि घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी तो चटकन घेऊन टाकला. नवी पेटी, बाहेरची सिस्टीम. गटातली माणसं इतर गटांत वाटून टाकली. जुन्या पेट्या इस्पितळांतून निघेपर्यंत त्यांची देखभाल बायकोने एकटीने करायची. शेवटची पेटी निघाली की पुढचं पुढे बघू.

जिन्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "काय रे, घरी काही बिनसलंय का?" मी तसाच जिना उतरलो. आता कुणी डोळा मारत नव्हतं, माझ्या निःपक्षपातीपणाला बट्टा लागला नव्हता, आणि मला त्याचं शष्प वाटत नव्हतं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बाहेरच्यांचं भलं केलंत, जावईबापू," एवढंच म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. शेंगा संपल्या होत्या तरी ती सालांत हात घालून चाचपत होती. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

"आपण पुन्हा एकदा मोजू," मी म्हणालो. "पाठवणारी मशीन्स दुसरी घेऊ. कदाचित सगळ्या केबल जुळतात तो मधला स्विच..."

"स्विच मी बदलून बघितला. काल, तू जेवायला गेलास तेव्हा."

"मग कार्ड. कार्डातच खोट असेल."

"त्याच कार्डावर बाकीच्या दोन धावल्या ना रे?"

मी मटारांचे दाणे एका बाजूला सारले, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले.

ती म्हणाली, "तू चुकला असतास ना, तर आज मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते. आईला मध्ये घेतलं असतं. महिनाभर पुरलं असतं मला. तेवढंसुद्धा ठेवलं नाहीस."

आणि मग तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. आकडे खोटे असते तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, आणि अशा वेळी नवऱ्याने काय बोलावं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं. सगळं ठाऊक असून, स्वतः समोर उभी असून, तिने मला विचारलं, "नीट मोजलंस ना रे?"

"हो," मी म्हणालो.